अग्निधारी प्राणिसोबती

कथा, अ‍ॅनिमे, चित्रपट आणि व्हिडिओ गेम यांत भेटणारा असा काल्पनिक प्राणी, जो स्वतः आग निर्माण करतो, अंगावर बाळगतो किंवा फेकतो आणि त्याच वेळी कुणातरी माणसाच्या जोडीने राहतो. दोन्ही अटी सारख्याच महत्त्वाच्या आहेत. खजिन्यावर वेटोळे घालून बसणारा आणि गावेच्या गावे जाळणारा ड्रॅगन या नोंदीत बसत नाही, कारण तो कुणाचाच सोबती नसतो. हे प्राणी वाचक-प्रेक्षकांच्या लक्षात राहतात ते आगीपेक्षा आगीच्या तऱ्हांमुळे: ती कधी पेटायला तयार नसते, कशाने विझते, कुणाला भाजत नाही, पेटण्याआधी काय खावे लागते. वरवर विक्षिप्तपणा वाटणाऱ्या या तऱ्हा बहुतेक वेळा आगीवर घातलेल्या मर्यादा असतात. हवे तेव्हा, हवे तेवढे जाळू शकणाऱ्या प्राण्याला माणसाची गरजच उरत नाही, आणि मग सोबतीची गोष्टही उभी राहत नाही.

पूर्वज

आगीशी नाते असलेले प्राणी जुनेच आहेत. सॅलमँडर हा पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणी आगीतून चालत जातो आणि जाताजाता ती विझवतो, ही ऐकीव गोष्ट अ‍ॅरिस्टॉटलने नोंदवून ठेवली. रोमन लेखक थोरल्या प्लिनीने पहिल्या शतकात त्याला इतका थंड ठरवले की नुसत्या स्पर्शाने आग विझावी. सोळाव्या शतकात वैद्य व किमयागार पॅरासेल्ससने तर त्याला अग्नितत्त्वाचा जीवच करून टाकले. इटालियन सोनार व शिल्पकार बेन्व्हेनुतो चेल्लिनी याने आत्मचरित्रात सांगितलेला प्रसंग मजेदार आहे. तो पाचेक वर्षांचा असताना वडिलांनी त्याला निखाऱ्यांत वळवळणारा सॅलमँडर दाखवला आणि लगोलग एक सणसणीत ठेवून दिली. पोराची चूक काहीच नव्हती. पाहिलेले जन्मभर लक्षात राहावे एवढाच हेतू. मग रडणाऱ्या पोराला समजावून हातावर काही नाणीही ठेवली. या समजुतीचे मूळ साधे असावे. ओलसर ओंडक्यांच्या फटीत राहणारा हा उभयचर प्राणी, ओंडका आगीत पडला की जीव घेऊन बाहेर पळणार, आणि बघणाऱ्याला तो आगीतूनच जन्मल्यासारखा वाटणार.

माणसाने कामाला जुंपलेल्या अग्निप्राण्यांचे जुने उदाहरण ग्रीक पुराणकथेत सापडते. सोनेरी लोकर मिळवण्यासाठी जेसनला आग ओकणाऱ्या बैलांकडून शेत नांगरून घ्यावे लागले. जादूटोणा जाणणाऱ्या राजकन्या मिडियाने दिलेला लेप अंगाला चोळून तो वाचला. इथे सुरक्षितता लेपातून आली, बैलांशी जमलेल्या गट्टीतून नाही, आणि आधुनिक कथांचा सांधा नेमका इथेच बदलतो. भारतीय परंपरेत अग्नीचे वाहन मेंढा आहे खरा, पण आग स्वाराकडे असते, मेंढ्याकडे नाही.

इंधनाचा प्रश्न

आग येते कुठून, हा प्रश्न बहुतेक लेखक जादूच्या नावावर सोडून देतात. ज्यांनी तो सोडला नाही त्यांचे प्राणी अधिक खरे झाले. अ‍ॅन मॅकॅफ्री यांच्या पर्न मालिकेतले ड्रॅगन (पहिली कादंबरी १९६८) ‘फायरस्टोन’ हा फॉस्फीनयुक्त दगड चावल्याशिवाय एक ठिणगीही काढू शकत नाहीत. स्वार या दगडांची पोती सोबत बांधून घेतो आणि लढाई चालू असताना ड्रॅगनला भरवत राहतो. दगड दुसऱ्या, वेगळ्या पोटात जातो. तिथे तयार झालेला वायू तोंडाबाहेर पडून हवा लागली की पेटतो. काम संपल्यावर उरलेली राख ओकून टाकावी लागते. (शुद्ध फॉस्फीन साध्या तापमानाला सहसा आपोआप पेटत नाही, त्यात मिसळलेल्या डायफॉस्फीनच्या अंशामुळे ते पेट घेते. कादंबरीकाराला एवढी सूट द्यायला हरकत नाही.) या दगडाने माद्या वांझ होतात, म्हणून सोनेरी राण्यांना तो दिला जात नाही आणि त्यांच्या स्वार स्त्रिया स्वतः ज्वाला फेकणारी यंत्रे घेऊन उडतात. आहाराच्या एका नियमातून लढाईतली कामाची वाटणी आणि राण्यांचा वेगळा मान, दोन्ही निघाले. आग कुठून येते याचे उत्तर इतके लांबवर पोचलेले दुसरे उदाहरण सहज आठवत नाही.

टेरी प्रॅचेट यांनी हाच प्रश्न विनोदाकडे वळवला. त्यांच्या डिस्कवर्ल्डमधले दलदलीतले ड्रॅगन म्हणजे सततचा पोटाचा विकार. मिळेल ते खायचे, पोटात त्याचे ज्वालाग्राही मिश्रण करायचे, आणि राग, आनंद किंवा नुसता कंटाळा आला तरी स्फोट होऊन मरायचे. १९८९च्या ‘गार्ड्स! गार्ड्स!’मध्ये अशा आजारी ड्रॅगनांसाठी एक आश्रयस्थानच आहे. त्यातला एरल नावाचा किडमिडा नमुना आतली सगळी नळजोडणी बदलून घेतो आणि ज्वाला तोंडाऐवजी मागून सोडतो. परिणामी तो आवाजापेक्षा वेगाने उडतो, आणि राजधानीला वेठीस धरणारा महाकाय ड्रॅगन त्याच्या धक्कालहरीने खाली कोसळतो. ज्याला सगळ्यांनी निकामी ठरवले त्याचा दोषच कामी आला, असा प्रसंग इतरत्रही दिसतो. पण तो पचनसंस्थेच्या तपशिलावर उभा करण्याची करामत प्रॅचेट यांचीच.

‘हाउ टू ट्रेन युवर ड्रॅगन’ (२०१०) या चित्रपटात जातीगणिक आगीची रचना वेगळी आहे. दोन डोक्यांच्या झिपलबॅकचे एक डोके वायू सोडते आणि दुसरे तो पेटवते; पेटवणारे डोके भिजले की आग बंद. प्रत्येक जातीला ठरावीक संख्येइतकेच मारे करता येतात, त्यामुळे मोजणारा वाचतो. दोन घटक वेगळे ठेवून शेवटच्या क्षणी एकत्र आणण्याची युक्ती निसर्गातही आहे. बॉम्बार्डियर भुंगेरा हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड पोटात साठवतो आणि धोका दिसला की वेगळ्या कप्प्यात विकरांच्या साहाय्याने त्यांची अभिक्रिया घडवतो. बाहेर पडणारा फवारा सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो. ज्वाला मात्र नसते; खरोखर आग ओकणारा प्राणी आजवर सापडलेला नाही.

याच चित्रपटातला एक छोटा प्रसंग या सगळ्या प्रकाराचा नमुना म्हणून पाहण्यासारखा आहे. नायक हिकप याचा सोबती ड्रॅगन टूथलेस याच्यासमोर माशांचा ढीग आहे. टेरिबल टेरर जातीचा चिमुकला ड्रॅगन त्यातला मासा पळवू बघतो, जमत नाही म्हणून आग टाकायला तोंड उघडतो. टूथलेस शांतपणे त्या उघड्या तोंडात एक बारीकशी ठिणगी सोडतो. टेररचा वायू आतल्या आतच पेटतो आणि तो झोकांड्या खात बाजूला होतो. बाहेरून आगीला दाद न देणारा ड्रॅगन आतून तितका पक्का नसतो, हे हिकपला इथे कळते आणि पुढच्या लढाईत उपयोगी पडते. टूथलेस आग फक्त लढाईला वापरत नाही. निजण्याआधी तो जमीन आगीने शेकून घेतो आणि अंथरुणाभोवती फेऱ्या मारणाऱ्या कुत्र्यासारखा गोल फिरून त्या गरम जागेवर पडतो. ड्रॅगनची भीती जायला असा एक तपशील पुरतो.

ज्योत हाच चेहरा

प्राण्याला बोलता येत नसेल तर त्याचे मन दाखवायचे कसे? जपानी गेमकारांनी यासाठी आगीचाच उपयोग केला. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये आलेल्या पहिल्या पोकेमॉन गेमपासून चारमँडर या सरड्यासारख्या प्राण्याच्या शेपटीच्या टोकाला ज्योत आहे. ती त्याच्या जिवाची खूण आहे: प्रकृती ठणठणीत तर ज्योत भरदार, अशक्त तर मंद, आणि विझली तर प्राण गेला. साध्या पावसानेही सोबत्याचा जीव टांगणीला लागावा, ही कल्पना कथेसाठी सोन्यासारखी. १९९७मध्ये सुरू झालेल्या अ‍ॅनिमेत तिचा फायदा लगेच उठवला गेला. मालकाने टाकून दिलेला चारमँडर ‘तो परत येईल’ या भरवशावर एका खडकावर बसून राहतो आणि पावसात पानाने शेपटी झाकतो.

पोकेमॉन गेमच्या नंतरच्या पिढ्यांनी या कल्पनेत बरेच फेरफार केले. सिंडाक्विल मुळात भित्रा. दचकला किंवा चिडला की पाठीवर ज्वाला उसळतात, थकला की अर्धवट ज्वलनाने त्या फुरफुरत राहतात. चिमचारची शेपटाकडची आग पोटातल्या वायूवर चालते, पावसाला दाद देत नाही, आणि झोपताना तो ती स्वतःच विझवतो. चारमँडरसाठी जे मरण, ते चिमचारसाठी रोजचे दिवे मालवणे. टेपिग नाकातून आग काढतो. सर्दी झाली की त्याऐवजी काळाकुट्ट धूर येतो. फळे भाजून खाण्याची त्याला हौस, पण उत्साहाच्या भरात तो ती पार कोळसा करून टाकतो. लिटन हे मांजर अंग चाटताना पोटात गेलेले केस पेटवून बाहेर फेकते. मांजरांच्या उलटीतल्या केसांच्या गोळ्याचे अस्त्र बनवणाऱ्याला दाद द्यावी लागते. याउलट, लाल रंग दिला आणि पाठीवर दोन ज्वाला काढल्या की झाला अग्निप्राणी, असेही नमुने याच मालिकेत पुष्कळ आहेत. ते लवकर विसरले जातात.

कुणाला भाजायचे आणि कुणाला नाही

अग्निधारी सोबत्याला मिठी कशी मारायची, ही अडचण प्रत्येक कथेला कुठेतरी सोडवावी लागते. पोनिटा या घोड्याच्या पोकेमॉनची आयाळ म्हणजे धगधगती आग. पण ज्याच्यावर त्याचा विश्वास बसला त्याला ती भाजत नाही. मिडियाच्या लेपाचे काम इथे नाते करते. त्यामुळे आयाळीला हात लावणे हीच परीक्षा होते. खोटे बोलून निभावता येत नाही.

आज्ञापालनाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. तोच टाकलेला चारमँडर कथानायक अ‍ॅशकडे येतो, वाढत जाऊन चारिझार्ड होतो आणि या वाढीतच मालकाचे ऐकेनासा होतो. हुकूम मिळाला की तो आडवा पडून राहतो, फारच मागे लागले तर अ‍ॅशच्याच तोंडावर ज्वाळा सोडतो. हे बरेच भाग चालते. शेवटी एका लढतीत तो बर्फात गोठतो, आणि अ‍ॅश रात्रभर त्याचे अंग चोळून, शेकून त्याला ऊब देतो. त्यानंतर तो ऐकू लागतो. जो स्वतः आग आहे त्याला दुसऱ्याकडून ऊब घ्यावी लागते, ही उलटापालट पटकथाकारांनी एक शब्दही न समजावता करून दाखवली आहे.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांतली राजकन्या डेनेरिस हिची ड्रॅगनची पिल्ले आधी कच्चे मांस तोंडात घेत नाहीत. ड्रॅगन आणि माणूस हे दोघेच शिजवलेले मांस खातात, ही भावाकडून ऐकलेली गोष्ट आठवल्यावर ती ते भाजून देते आणि पिल्ले तुटून पडतात. पुढे तिने शिकवलेला आग टाकण्याचा हुकूमही त्यांच्या जेवणाशी जोडलेला असतो. ओकलेली आग आणि भरवणारा हात यांचा संबंध इथे शस्त्रापेक्षा आधी ताटाशी आहे. डिजिमॉनमधला अगुमॉनही (१९९९) सदा भुकेला, आणि पोट भरल्याशिवाय त्याचे मोठ्या रूपात परिवर्तन होत नाही. त्याचा सोबती, ताई नावाचा मुलगा, घाईघाईने त्याला बळेच खाऊ घालतो आणि शक्ती वाढवायला स्वतःला संकटात लोटतो, तेव्हा त्यातून एक सांगाडारूपी, बेभान राक्षस निघतो.

खेळाचे गणित

खेळांत आगीची मर्यादा आकड्यांत घालावी लागते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या (१९७४) सुरुवातीच्या नियमांत ड्रॅगनला दिवसातून तीनदाच श्वासाचा मारा करता येई. आकडे हाताबाहेर गेल्याचे उत्तम उदाहरण म्हणजे मॅगकार्गो हा लाव्ह्याचा गोगलगाय. त्याच्या अंगाचे तापमान सुमारे १०,००० अंश सेल्सिअस असल्याचे पोकेमॉनची माहितीपुस्तिका सांगते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा (सुमारे ५,५०० अंश) बरेच जास्त. हाच प्राणी ताफ्यात ठेवला की बाकी अंडी निम्म्या पावलांत उबतात, म्हणून खेळाडू त्याला उबवणीयंत्र म्हणून वागवतात. शेजारची अंडी उकडत कशी नाहीत, याचे स्पष्टीकरण नाही आणि कुणी मागतही नाही. २०२४च्या ‘पालवर्ल्ड’मध्ये फॉक्सपार्क्स हा छोटा कोल्हा भट्टी पेटवतो, स्वयंपाकाला आग देतो आणि गरज पडली तर खेळाडूच्या हातात ज्वाला फेकणारी बंदूक होतो. सोबत आणि राबवणूक यांतली रेघ इथे फार पुसट आहे, आणि खेळाचा विनोदही त्यावरच चालतो.

उशिरा येणारी आणि न येणारी आग

काही कथा आग लांबणीवर टाकतात. क्रिस्टोफर पाओलिनी यांच्या ‘एरागॉन’मधली साफिरा जवळजवळ पूर्ण कादंबरीभर आग ओकू शकत नाही; ती येते शेवटच्या लढाईत. नओमी नोविक यांच्या टेमेरेअर मालिकेत (२००६पासून) तर नायक ड्रॅगनकडे आगच नाही. नेपोलियनकालीन ब्रिटिश सैन्याकडे आग ओकणारी जात नसल्यामुळे ऑटोमन तुर्कांकडून काझिलिक जातीचे अंडे विकत घेतले जाते. त्यातून इस्किएर्का निघते: अंगावरच्या काट्यांतून सतत वाफ सोडणारी, अंड्यातून बाहेर पडताच लढाई कुठे आहे विचारणारी, कुणाचेही न ऐकणारी. तिला शत्रूच्या जहाजांवरून मिळणाऱ्या बक्षिसाच्या पैशांची विलक्षण हाव असते, आणि ते पैसे ती आपला कॅप्टन ग्रॅनबी याला भपकेबाज कपडे आणि सोने चढवण्यात घालते. ग्रॅनबीला याची मनस्वी लाज वाटते, पण आग तिच्याकडे असल्यामुळे तो मुकाट्याने घालतो.