केपची कड आणि सरासरीचं गणित

नेटवरून उतरवलेलं सुपरहिरोचं जेपीजी चित्र उघडायचं, एसव्हीजी म्हणून सेव्ह करायचं आणि आता ते व्हेक्टर, म्हणजे ठिपक्यांऐवजी आकारांच्या वर्णनातून बनलेलं चित्र झालं, कितीही मोठं छापलं तरी फुटणार नाही, असं समजायचं. फॅन आर्टची पोस्टर्स करू पाहणाऱ्या नवशिक्यांमध्ये हा गैरसमज फार पक्का आहे. अशा एसव्हीजी फाइलच्या पोटात बहुतेक वेळा तेच जेपीजी जसंच्या तसं बसलेलं असतं. इलस्ट्रेटर किंवा इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये आउटलाइन मोड लावून पाहा. खऱ्या व्हेक्टर चित्रात प्रत्येक आकाराची बारीक कड उमटते. नुसतं जेपीजी कोंबलेलं असेल तर एक चौकट तेवढी दिसते.

व्हेक्टर म्हणजे खूप जास्त पिक्सेल, हाही समज चुकीचाच. २४ बाय ३६ इंचांचं पोस्टर ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, पिक्सेलमध्ये साठवायचं तर ७२०० गुणिले १०८००, म्हणजे सुमारे ७ कोटी ७८ लाख पिक्सेल लागतात. प्रत्येकाला लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचा एकेक बाइट धरला तर हा पसारा २३ कोटी बाइटच्या पुढे जातो. व्हेक्टर फाइलमध्ये वाऱ्यावर उडणाऱ्या केपची, म्हणजे सुपरहिरोच्या पाठीवरच्या झग्याची, अख्खी कड मोजक्या बिंदूंच्या जागा सांगून संपते. उरलेली कड सॉफ्टवेअर दर वेळी नव्याने काढतं. ते कसं, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत देखणं गणित वाटतं.

त्याचा जन्म कलेच्या दालनात झाला नाही. मोटारींच्या पत्र्याला हवं तसं वळण नेमकं कसं सांगायचं, या प्रश्नावर सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये एक रीत काढली. कंपनीने ती गुप्त ठेवली. १९६०च्या दशकात रेनो कंपनीतल्या पिएर बेझिए यांनी त्याच प्रकारच्या वक्रांवर काम करून ते प्रसिद्ध केलं, म्हणून नाव बेझिए वक्र असं पडलं. पुढे १९८४ मध्ये अडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही छपाईची पानं वर्णन करणारी भाषा आली, १९८७ मध्ये इलस्ट्रेटर आलं, आणि मोटारींचं हे गणित पेन टूलच्या रूपाने चित्रकारांच्या हाती पडलं.

पेन टूलने एक वळण काढलं की चार बिंदू तयार होतात. दोन टोकं, म्हणजे अँकर पॉइंट, आणि प्रत्येक टोकातून निघणाऱ्या हँडलचा शेंडा. केपच्या कडेचा एक तुकडा घेऊ. अ (०,०), ब (०,८), क (८,८) आणि ड (८,०). अ आणि ड हे अँकर, ब आणि क हे हँडलचे शेंडे. वक्र अ पासून निघून ड ला पोचणार, पण ब आणि क यांना शिवणार नाही. ते त्याला आपल्याकडे ओढतील.

आता कागद-पेन्सिल घ्या. अ-ब, ब-क आणि क-ड या रेषांचे मध्यबिंदू काढा: (०,४), (४,८), (८,४). हे तीन बिंदू ओळीने जोडले की दोन रेषा होतात. त्यांचे मध्यबिंदू (२,६) आणि (६,६). हे दोन जोडा आणि पुन्हा मध्य काढा: (४,६). हा बिंदू वक्रावर आहे, नेमका. सरासरीपलीकडे आपण काहीही केलेलं नाही.

खरी गंमत पुढे आहे. वाटेत मिळालेले (०,०), (०,४), (२,६), (४,६) हे चार बिंदू पाहा. वक्राच्या डाव्या अर्ध्या भागाचे अँकर आणि हँडल हेच आहेत. उजव्या अर्ध्याचेही असेच आयते मिळतात. म्हणजे वक्राचे दोन तुकडे झाले आणि दोन्ही पुन्हा बेझिए वक्रच. त्यांना पुन्हा अर्धं करा. दर वेळी तुकडा आणि सरळ रेषा यांच्यातला फरक साधारण एक चतुर्थांश होतो. पाच वेळा अर्धं केलं की ३२ तुकडे होतात आणि प्रत्येकाचा बाक सुमारे हजार पटीने कमी झालेला असतो. बाक पिक्सेलच्या अगदी लहान अंशापेक्षा कमी झाला की सॉफ्टवेअर तिथे सरळ रेषा ओढून थांबू शकतं. तुम्ही झूम केलंत तर आणखी काही वेळा अर्धं करतं. कड फुटत नाही ती यामुळे.

पोस्टर शंभर पट केलं तर? चारही बिंदूंना शंभराने गुणा आणि तीच रीत वापरा. (४,६) च्या जागी (४००,६००) येईल. सरासरी काढून मग गुणलं काय किंवा गुणून मग सरासरी काढली काय, उत्तर तेच. फिरवणं, तिरकं करणं, आरशासारखं उलटवणं यांनाही हा नियम लागू पडतो. म्हणून बॅटमॅनच्या छातीवरचं वटवाघूळ अर्धंच काढून उलटवलं तरी दोन्ही पंख तंतोतंत जुळतात.

मध्याऐवजी वाटेतला कुठलाही अंश 'त' घेतला, तर वक्रावरचा बिंदू मिळतो: (१−त)³अ + ३त(१−त)²ब + ३त²(१−त)क + त³ड. हे गुणक सर्गेई बर्नस्टाइन यांनी १९१२ मध्ये पूर्णपणे वेगळ्या कामासाठी वापरलेल्या बहुपदींमधले आहेत. त ला ० ते १ मधली किंमत दिली की ते कधी ऋण होत नाहीत आणि त्यांची बेरीज नेहमी १ येते. त्यामुळे चार बिंदूंभोवती रबर बँड ताणून बसवला तर वक्र त्याच्या बाहेर कधीच जात नाही. त = १/२ ठेवलं की गुणकांचं प्रमाण १ : ३ : ३ : १ होतं, एकूण ८.

हे प्रमाण हाती असलं की कॅप्टन अमेरिकाच्या गोल ढालीचा प्रश्न सोडवता येतो, कारण खरं वर्तुळ या प्रकारच्या बेझिए वक्राने काढताच येत नाही. मग चार तुकडे जोडतात. त्रिज्या १ धरून पाव वर्तुळाचे बिंदू (१,०), (१,ह), (ह,१), (०,१) घ्या. ह म्हणजे हँडलची लांबी. मधला बिंदू वर्तुळावर, म्हणजे (०.७०७१, ०.७०७१) वर हवा असेल तर (१ + ३ + ३ह) ÷ ८ = ०.७०७१. यातून ह = ०.५५२३. पाथ म्हणून, म्हणजे जोडलेल्या वक्रांची कड म्हणून, साठवलेल्या गोलांच्या हँडलमध्ये हाच आकडा सहसा सापडतो. चूक जास्तीत जास्त ०.०२७ टक्के, ३०० मिलिमीटर त्रिज्येच्या ढालीत जेमतेम ०.०८ मिलिमीटर.

गोलांवरून एक गोष्ट सांगायलाच हवी. तयार चिन्हांवर सुवर्ण गुणोत्तराचे (सुमारे १.६१८) गोल आखून 'सौंदर्याचं रहस्य' सांगणारी चित्रं फिरत असतात. काढून झालेल्या आकृतीवर पुरेसे गोल ठेवले की काही ना काही जुळणारच. १.६१८ ने चिन्ह आपोआप सुंदर होतं, याला पुरावा नाही. सुपरहिरोचं चिन्ह लांबून, एका रंगातही ओळखू येतं का, हे पाहणं जास्त उपयोगाचं.

एका क्लिकमध्ये चित्र व्हेक्टर करणाऱ्या ऑटो-ट्रेसबद्दलही तसंच. तो खरे वक्र देतो हे मान्य, पण जेपीजीतला प्रत्येक ओरखडा त्याला कड वाटतो आणि जबड्याच्या एका रेषेवर डझनावारी नोड, म्हणजे अँकर पॉइंट, उगवतात. हाताने काढताना नोड वक्राच्या सर्वांत वरच्या, खालच्या, डाव्या आणि उजव्या जागी ठेवावेत. दोन तुकडे गुळगुळीत जुळायला नोडच्या दोन्ही बाजूंची हँडल एका सरळ रेषेत हवीत. सुपरमॅनच्या छातीवरच्या 'एस' अक्षरासारखं उलटसुलट वळण चार बिंदूंच्या एका तुकड्यातही बसतं. तीन बिंदूंच्या वक्राला ते जमत नाही, कारण तो पॅराबोलाचा तुकडा असतो आणि पॅराबोला एकाच बाजूला वळतो.

कड झाली, आता रंग. स्पायडरमॅनच्या मुखवट्यात डोळ्यांची भोकं पाडली आणि तीही लाल झाली, असा अनुभव पुष्कळांना येतो. त्यामागे आत-बाहेर ठरवण्याचे दोन नियम आहेत. एका नियमात बिंदूपासून दूरवर रेषा ओढून ती कडांना किती वेळा छेदते ते मोजतात. संख्या विषम असेल तर बिंदू आत, सम असेल तर बाहेर. डोळ्यातून निघालेली रेषा आधी डोळ्याची आणि मग मुखवट्याची कड छेदते. दोन छेद, म्हणून भोक रिकामं राहतं. दुसऱ्या नियमात कडेची दिशाही मोजतात: त्या रेषेला डावीकडून उजवीकडे छेदणारी कड अधिक एक, उलटी जाणारी उणे एक, आणि बेरीज शून्य आली तरच बिंदू बाहेर. डोळा आणि मुखवटा एकाच दिशेने काढले असतील तर बेरीज दोन येते आणि डोळा लाल भरतो. अशा वेळी दोन्ही पाथ एकत्र जोडलेले आहेत ना हे पाहून डोळ्याच्या पाथची दिशा उलटी करा, किंवा फिलचा, म्हणजे रंग भरण्याचा, नियम सम-विषम करा.