प्रयोगशाळेचीच परीक्षा

२० ऑगस्ट २०१९ पासून दिल्लीच्या राष्ट्रीय उत्तेजक द्रव्य चाचणी प्रयोगशाळेला खेळाडूंचे नमुने तपासायला मनाई झाली. जागतिक उत्तेजक द्रव्य प्रतिबंधक संस्थेने, म्हणजे वाडाने, तिची मान्यता सहा महिन्यांसाठी स्थगित केली होती. २००८ पासून वाडाची मान्यता असलेली ही देशातली एकमेव प्रयोगशाळा. न तपासलेले आणि तपासणी अर्ध्यावर आलेले नमुने सीलबंद अवस्थेत दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांकडे पाठवणं भाग पडलं. पुढे नवे नमुनेही दोहासारख्या ठिकाणी जाऊ लागले. जुलै २०२० मध्ये स्थगिती आणखी वाढली आणि मान्यता परत मिळाली ती थेट डिसेंबर २०२१ मध्ये. तोवर टोकियो ऑलिंपिकही होऊन गेलं होतं.

अशी बातमी वाचली की कुणीतरी पैसे खाल्ले असणार, असं आपल्या मनात पटकन येतं. इथे वाडाने सांगितलेलं कारण तांत्रिक होतं. पाहणीत प्रयोगशाळांच्या आंतरराष्ट्रीय मानकात न बसणाऱ्या त्रुटी सापडल्या होत्या, आणि त्यातल्या काही समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या जड-हलक्या प्रकारांचं) गुणोत्तर मोजणाऱ्या वस्तुमान वर्णपटमापन पद्धतीशी संबंधित होत्या. नाव जड असलं तरी ही पद्धत समजून घेण्यासारखी आहे. प्रयोगशाळा कुठे अडखळते, हे त्यातून नेमकं दिसतं.

टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक प्रत्येकाच्या शरीरात असतंच. त्यामुळे ते लघवीत सापडलं म्हणून कुणी दोषी ठरत नाही. आधी त्याचं एपिटेस्टोस्टेरॉन या जुळ्या रेणूशी असलेलं प्रमाण बघतात. ते चारास एकच्या वर गेलं तर शंका घेतली जाते, पण काही माणसांत ते जन्मतःच जास्त असतं. मग खरा प्रश्न उरतो, हे टेस्टोस्टेरॉन शरीराने बनवलं की कारखान्यात बनलं? रेणू दोन्हीकडे तंतोतंत सारखाच. फरक असतो तो त्यातल्या कार्बनमध्ये. निसर्गातल्या शंभर कार्बन अणूंमागे जेमतेम एक अणू कार्बन-१३ या जड प्रकारचा असतो. औषधी टेस्टोस्टेरॉन बहुतेक वेळा सोयाबीनसारख्या वनस्पतींतल्या स्टेरॉलपासून बनवतात, आणि या वनस्पती जड कार्बन तुलनेने कमी घेतात. आपलं शरीर मात्र आपण जे जे खातो त्या सगळ्यातून कार्बन घेतं. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस यांच्यात जड कार्बन जास्त, तर गहू, तांदूळ आणि सोयाबीनमध्ये कमी. म्हणजे भाकरी खाणाऱ्याच्या शरीरातला कार्बन भात खाणाऱ्यापेक्षा किंचित जड निघू शकतो. म्हणूनच खेळाडूच्या टेस्टोस्टेरॉनची तुलना त्याच्याच शरीरातल्या दुसऱ्या स्टेरॉइडांशी, म्हणजे त्याच जातीच्या रेणूंशी, करतात. हजारात साधारण तीन भागांचा फरक दिसला, की बाहेरून घेतल्याचा पुरावा मिळाला असं धरतात.

हजारात तीन! हे मोजायला स्टेरॉइड आधी लघवीतून शुद्ध करून वेगळं काढावं लागतं, मग ते जाळून त्याचा कार्बन डायऑक्साइड करावा लागतो आणि त्या वायूतले जड-हलके रेणू मोजावे लागतात. शुद्धीकरणात दुसरं संयुग थोडंसं जरी मिसळून राहिलं, तरी आकडा सरकतो. यंत्र तरीही आकडा देतंच, आणि तो दिसायला अगदी नीटनेटका असतो. तो चुकलाय हे त्याच्याकडे बघून कळत नाही. माझ्या मते मान्यतेच्या सगळ्या व्यवस्थेचं मूळ कारण हेच आहे. बाजारातल्या वजनकाट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का लागतो तोही अशासाठीच, कारण गिऱ्हाईकाला काट्याचं पोट उघडून पाहता येत नाही.

वाडा ही पारख गुपचूप करते. प्रयोगशाळेला वर्षभरात असे नमुने येतात, ज्यात काय घातलंय हे पाठवणाऱ्यालाच ठाऊक असतं. काही नमुने परीक्षेचे म्हणून येतात. काही तर खऱ्या खेळाडूच्या नमुन्यांसारखेच इतरांत मिसळलेले असतात, त्यामुळे परीक्षा चालू आहे हेच तपासणाऱ्याला कळत नाही. प्रत्येक चुकीला दंडाचे गुण ठरलेले असतात आणि ते मर्यादेबाहेर गेले की मान्यता धोक्यात येते. उत्तेजक असून न सापडणं ही चूकच. पण स्वच्छ नमुन्याला दोषी ठरवणं ही त्याहून कितीतरी गंभीर चूक मानली जाते, आणि ते योग्यच आहे. सुटलेला दोषी पुढच्या चाचणीत सापडू शकतो, पण चुकीच्या अहवालाने हिरावलेला निर्दोष खेळाडूचा हंगाम कुणीच परत देऊ शकत नाही.

ब्राझीलमध्ये असं प्रत्यक्ष घडलं. २०११ मध्ये रिओच्या प्रयोगशाळेने एका बीच व्हॉलीबॉलपटूला टेस्टोस्टेरॉनसाठी दोषी ठरवलं. जर्मनीतल्या कोलोनच्या प्रयोगशाळेने फेरतपासणी केली तेव्हा तो निर्दोष निघाला. चूक झाली होती ती याच कार्बनच्या चाचणीत. आधी त्या एका पद्धतीपुरती बंदी आली, मग २०१३ मध्ये अख्खी मान्यताच रद्द झाली. त्यामुळे २०१४ चा फुटबॉल विश्वचषक ब्राझीलमध्ये झाला, पण खेळाडूंचे नमुने विमानाने स्वित्झर्लंडमधल्या लोझानला गेले. २०१५ मध्ये मान्यता परत मिळाली, जून २०१६ मध्ये पुन्हा स्थगित झाली आणि रिओ ऑलिंपिकच्या जेमतेम दोन आठवडे आधी स्थगिती उठली.

एका पद्धतीपुरती बंदी, हा तपशील आपल्यासाठीही महत्त्वाचा आहे. भारतात पाणी, अन्न, सिमेंट तपासणाऱ्या प्रयोगशाळांना एनएबीएल हे मंडळ मान्यता देतं, तीसुद्धा प्रयोगशाळेला सरसकट मिळत नाही. अमुक पदार्थातला अमुक घटक अमुक पद्धतीने, अशी तिची व्याप्ती ठरलेली असते. एखाद्या प्रयोगशाळेला पाण्यातल्या नायट्रेटसाठी मान्यता असेल आणि कीटकनाशकांसाठी नसेलही. दारावरची पाटी बघून हे कळत नाही, त्यासाठी मान्यतेची व्याप्ती बघावी लागते.

मॉस्कोची गोष्ट मात्र निराळी. तिथे रसायनशास्त्र कच्चं नव्हतं. प्रयोगशाळेचे संचालक ग्रिगरी रॉडचेन्कोव्ह यांची जाण उत्तम होती, आणि तीच त्यांनी दोषी नमुने दडवायला वापरली. डिसेंबर २०१४ मध्ये वाडाचं पथक यायच्या आधी १,४१७ नमुने नष्ट करण्यात आले. नोव्हेंबर २०१५ मध्ये चौकशी अहवाल आला, मान्यता स्थगित झाली आणि २०१६ मध्ये रद्दच केली गेली. गुपचूप पाठवलेले परीक्षेचे नमुने अशा ठिकाणी फारसे उपयोगी पडत नाहीत. अज्ञान त्यांनी उघडं पडतं, पण जाणूनबुजून केलेली लबाडी पकडायला आतल्या माणसांची साक्ष आणि संगणकातल्या मूळ नोंदीच लागतात.

नव्याने मान्यता मागणाऱ्यांची अडचण वेगळीच असते. वाडाच्या मानकात वर्षाला किमान ३,००० नमुने तपासण्याची अट आहे. छोट्या देशाकडे यंत्रं असली, तज्ज्ञ असले, तरी तेवढे नमुने कुठून आणायचे? अट जाचक वाटते, पण तिच्यामागे कारण आहे. कार्बनच्या चाचणीसारखं काम वर्षातून चार-दोनदा करून हात बसत नाही. म्हणून जगभरात अशा प्रयोगशाळा तीसच्या आसपासच आहेत, आणि बाकीचे देश आपले नमुने त्यांच्याकडे पाठवतात.