थंडीची लाट म्हणजे नुसती कडाक्याची थंडी नव्हे

पारा दहा अंशांखाली गेला की थंडीची लाट आली, असे डिसेंबर-जानेवारीत सर्रास म्हटले जाते. हा समज जुना असला तरी चुकीचा आहे. भारतीय हवामान विभागाच्या लेखी ही एक नेमकी संज्ञा आहे. मैदानी भागात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असणे ही केवळ पहिली अट असून, ते त्या ठिकाणच्या त्या दिवसांतील सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी घसरलेले असावे लागते. ही घसरण ६.४ अंशांपेक्षा अधिक असेल तर लाट तीव्र मानतात. म्हणजे निफाडसारख्या मुळातच थंड गावी सरासरी ११ अंश असताना पारा ८ वर आला, तर शेकोट्या पेटतील, द्राक्षबागायतदारांना काळजीही वाटेल, पण ती लाट ठरणार नाही. पारा ४ अंशांवर किंवा त्याखाली गेला, तर मात्र सरासरी पाहिली जात नाही.

किनारपट्टीसाठी पहिली मर्यादा १५ अंशांची आहे, त्यामुळे मुंबईत दहाच्या बरेच वर असतानाही लाट येऊ शकते. शिवाय ही स्थिती एका हवामान उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस टिकावी लागते. ‘थंड दिवस’ ही संज्ञा तर वेगळीच आहे: तिथे किमान तापमानाबरोबर दिवसाच्या कमाल तापमानातील घट मोजतात. इशाऱ्यांचे गांभीर्य टिकायचे असेल, तर बातम्या देणाऱ्यांनी तरी हा भेद पाळायला हवा, असे मला मनापासून वाटते.