चोवीस तासांची बाई: सांगली-मिरजेत घरच्या शुश्रूषेची पार्श्वभूमी

सांगली-मिरजेत डिस्चार्जच्या दिवशी नातेवाईक बिलाच्या खिडकीशी उभे असतात, तेवढ्यात वॉर्डातली मावशी एखादा मोबाइल नंबर देते: "बाई चांगली आहे, रात्रंदिवस राहील." शुश्रूषेला बाई पुरवणारे ब्युरो आहेत, त्यांच्या पाट्याही आहेत. तरी बाई बरेचदा अशीच, वॉर्डातून मिळते. पगारी शुश्रूषा या भागात दवाखान्यातूनच घरात शिरली, त्यामुळे यात नवल नाही.

कॅनडात जन्मलेल्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचं रुग्णालय सुरू केलं. तीन वर्षांनी तिथे परिचारिकांचं शिक्षण सुरू झालं. रेल्वेमुळे लांबलांबचे रोगी येऊ लागले, मिरज डॉक्टरांचं गाव झालं, १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही तिथेच आलं. परक्या माणसाचं अंग पुसायचं, मलमूत्र काढायचं, हे काम पैसे घेऊन करणं मात्र बऱ्या घरच्या बाईचं मानलं जात नव्हतं. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने (स्थापना १९०९) हिंदू बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हा त्यांनाही याच समजुतीशी झगडावं लागलं.

नर्सची प्रतिष्ठा सावकाश वाढली. पण आपल्या दवाखान्यांत एक वाटणी कायम राहिली: इंजेक्शन नर्स देणार, भरवणं, कूस बदलणं, शौचाचं भांडं देणं घरच्या माणसाकडे. ज्याच्याजवळ थांबायला कोणी नाही त्याने पैसे देऊन बाई ठेवायची. अशा बायका वॉर्डात बघून बघून शिकल्या आणि पेशंटबरोबर त्याच्या घरी गेल्या.

मागणी वाढली त्याचं कारण साधारणपणे 'एकत्र कुटुंब मोडलं' असं एका वाक्यात सांगितलं जातं. मला ते अपुरं वाटतं. साताऱ्याच्या जावळी-पाटणकडचा माणूस कितीतरी पिढ्या मुंबईलाच होता, गिरणीत किंवा गोदीत. पण तो एकटा जायचा. बायको गावी राहायची, शेत बघायची आणि सासू-सासऱ्यांचंही करायची. मनीऑर्डर यायची तिच्यात या कामाचा हिशेब कुठेच नसायचा, कारण ते फुकट होत होतं. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचं जग संपत गेलं. पुढची पिढी पुण्याला, पिंपरीला गेली ती बायको-मुलांसकट. विटा-खानापूरकडचे गलाईवाले सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगले, त्यांचेही संसार तिकडेच रुजले. म्हणजे मुलगा तर आधीपासूनच घरात नव्हता. आता सूनही नाही, आणि बाई ठेवायची वेळ येते ती तिच्या जागी.

या जागेची किंमत परवडणं सोपं नाही. बारा तासांच्या पाळीला सहाशे रुपये धरले, तर दोन पाळ्यांचे महिन्याला छत्तीस हजार होतात. म्हणून बहुतेक घरं दोन पाळ्यांऐवजी राहणारी एकच बाई ठेवतात. ती रात्री पेशंटशेजारी सतरंजी टाकते, हाक आली की उठते, आणि या झोपेलाही 'ड्यूटी' म्हणतात. पेशंट हिंडता-फिरता आहे की अंथरुणावर, डायपर आहे का, नाकातून नळी आहे का, यावर दर ठरतो. ब्युरोतून आणली तर कमिशन वेगळं. नळी बदलणं, इंजेक्शन देणं हे नोंदणीकृत नर्सचं काम. ते मावशीकडून करून घेण्याची सवय सर्रास दिसते आणि ती धोक्याची आहे.

सरकारी मदत बघा. निराधार वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये. म्हणजे वरच्या हिशेबाने अडीच पाळ्या. आई-वडिलांच्या पोटगीचा २००७ चा केंद्रीय कायदा आहे, प्रांताधिकाऱ्यांकडे दाद मागता येते, पण त्यात पोटगीची कमाल मर्यादा महिना १०,००० घातलेली आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान भारतखाली वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले, तेही रुग्णालयात दाखल झाल्यावर. खासगी विम्यातल्या 'घरी उपचारा'च्या कलमालाही चालू वैद्यकीय उपचार लागतो. नुसतं भरवायला, उठवायला ठेवलेली बाई त्यात सहसा बसत नाही. बाई वॉर्डातून घरी आली, पण पैशाची सोय वॉर्डातच राहिली.

दुसऱ्या टोकाला ती बाई आहे: पुष्कळदा विधवा किंवा नवऱ्याने टाकलेली, मुलं आईकडे ठेवून आलेली, पहिल्याच महिन्यात उचल मागणारी. ती घरकामगार की आरोग्य कर्मचारी, हेही धड ठरलेलं नाही. कौशल्य विकास योजनेत २०१५ नंतर 'जनरल ड्यूटी असिस्टंट'चे, म्हणजे रुग्णाच्या शुश्रूषेत मदत करणाऱ्यांचे वर्ग निघाले, घरकामगारांसाठी राज्याने २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा केला. घरोघरच्या बहुतेक मावश्या या दोन्हींच्या बाहेरच आहेत. वाईट याचं वाटतं की उपाय याच मातीतल्या माणसांनी दाखवला होता. पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या बाजारांतले, बरेचसे आपल्याच भागातले, हमाल संघटित केले आणि १९६९ मध्ये माथाडी, म्हणजे ओझी वाहणाऱ्या मजुरांसाठीचा कायदा झाला. मालकाने मजुरी आणि तिच्यावर लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्के जादा रक्कम, माथाडी मंडळात भरायची. त्यातून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, औषधपाणी. पाठीवर पोतं वाहणाऱ्याला हे मिळालं. अंथरुणावरचं माणूस उचलणाऱ्या बाईचा मात्र एका दिवसाचा खाडा पडला, तरी त्या दिवसाचे पैसे कापले जातात.