मैदानाची राखण कोणाकडे? मुंबईतल्या मोकळ्या जागांची पार्श्वभूमी

मैदानाभोवती निळे पत्रे लागले आणि आत जेसीबी शिरला, की आजूबाजूच्या इमारतींतली माणसं गॅलरीत येऊन उभी राहतात. आत काय चाललंय हे कोणालाच नक्की ठाऊक नसतं. फाटकावरच्या फलकावर 'सुशोभीकरणाचे काम प्रगतिपथावर' एवढंच असतं. आमच्या घराजवळच्या मैदानाचे पत्रे काही महिन्यांनी निघाले, तेव्हा कडेने पेव्हर ब्लॉकची वाट झाली होती, व्यायामाची यंत्रं आली होती, नवी बाकडी होती. संध्याकाळी आजी-आजोबांची गर्दी होऊ लागली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण मुलांची क्रिकेटची पट्टी जिथे होती, नेमका तिथेच गझिबोचा चौथरा उभा राहिला. ती मुलं आता बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, गाड्यांच्या मधल्या गल्लीत प्लॅस्टिकच्या चेंडूने खेळतात. आराखडा कागदावर होता, तेव्हा तो कोणी पाहिला होता? 'इथे मुलं खेळतात' हे सांगायची संधी कोणाला मिळाली होती? या प्रश्नांच्या मागे गेलं की दीडशे वर्षांचा इतिहास उलगडत जातो.

मैदानाच्या वापरावरून मुंबईकरांनी केलेली एक तक्रार थेट १८८१ मधली आहे. १८६० च्या दशकात फोर्टचा तट पाडला गेला. तटाबाहेरच्या एस्प्लनेड या मोकळ्या पट्ट्याचे पुढे तुकडे होत गेले. आजचं आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हल ही त्याचीच लेकरं. १८७५ मध्ये त्याच्या एका टोकाला बॉम्बे जिमखाना उभा राहिला, फक्त युरोपियनांसाठी. हे युरोपियन सभासद पोलो खेळायला यायचे ते नेमके पारशी आणि हिंदू पोरांच्या क्रिकेटच्या जागेवर. घोड्यांच्या टापांनी हिरवळ उखडायची, जमिनीला खड्डे पडायचे आणि चेंडू कसाही उसळायचा. शापूरजी सोराबजी या पारशी क्रिकेटपटूच्या पुढाकाराने शेकडो खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केला, की पोलो दुसरीकडे हलवा. वाद काही वर्षं चालला. पुढे पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखान्यांना समुद्रालगत, आजच्या मरीन ड्राइव्हजवळ जागा मिळाल्या. जिमखाने उभे राहिले, पण जो साधा प्रश्न विचारला गेला होता तो तसाच राहिला: सर्वांच्या मैदानावर कोणी काय करायचं, हे ठरवताना तिथे रोज खेळणाऱ्याला विचारायचं की नाही?

त्या तक्रारीनंतर सातच वर्षांनी, १८८८ मध्ये, मुंबई महापालिकेचा कायदा आला. फिरोजशहा मेहतांचा त्यावर मोठा ठसा आहे आणि अनेक दुरुस्त्या होऊन तोच कायदा आजही चालतो. त्यात पालिकेच्या कामांचे दोन गट केले आहेत. पाणी, गटारं, रस्ते, दिवाबत्ती ही बंधनकारक कर्तव्यं. सार्वजनिक बागा, उद्यानं आणि खेळाची मैदानं मात्र ऐच्छिक कर्तव्यांच्या यादीत आहेत. कॉलऱ्यासारख्या साथींच्या काळातल्या शहरासाठी ही विभागणी समजण्यासारखी होती. पण तिचे परिणाम लांबवर गेले असं मला वाटतं. नळाला पाणी आलं नाही तर अधिकाऱ्याला जाब विचारता येतो, कारण ते त्याचं बंधन आहे. मैदानाची दुर्दशा झाली तर 'निधी उपलब्ध झाल्यावर पाहू' हे उत्तर कायद्याच्या चौकटीत बसतं. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत उद्यानं आणि क्रीडांगणं नागरी संस्थांच्या विषयांत स्पष्ट लिहिली. जुनी सवय मात्र तेवढ्याने मोडली नाही.

१८९६ च्या प्लेगने वेगळंच दार उघडलं. दाटीवाटीच्या वस्त्यांत हवा-उजेड खेळावा म्हणून १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि दादर-माटुंगा-वडाळ्याच्या नव्या वसाहती आखताना मोकळ्या जागा आधीच राखून ठेवल्या गेल्या. दादर पारशी कॉलनीतल्या फाइव्ह गार्डन्समध्ये आज चालायला जाणारा माणूस शंभर वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी दूरदृष्टीवर चालत असतो. हा ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला आणि त्याच्या कामाचा वारसा पालिकेच्या 'सुधार समिती'कडे आला. ट्रस्टच्या नावातला 'इम्प्रूव्हमेंट' हा शब्द असा आपल्या महापालिकेत मराठी होऊन नांदतो आहे. आरक्षित भूखंड ताब्यात घ्यायचा की नाही, याचे प्रस्ताव याच समितीपुढे येतात. खर्च आणि कंत्राटं स्थायी समितीपुढे, आणि उद्यानांसाठी बाजार व उद्यान समिती. म्हणजे देखरेखीची यंत्रणा कागदावर चांगली भक्कम होती. प्रस्ताव समितीत आला की नगरसेवक प्रश्न विचारणार, पटला नाही तर राखून ठेवणार, फेरविचारासाठी प्रशासनाकडे पाठवणार, नाहीतर सरळ दप्तरी दाखल करणार. या चर्चांची बातमी दुसऱ्या दिवशी पेपरात यायची आणि तिथून लोकांना कळायचं.

नगरसेवकाचं लक्ष म्हणजे काय, हे शिवाजी पार्कात दिसतं. पालिकेने १९२५ मध्ये हे मैदान लोकांसाठी खुलं केलं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून ते शिवाजी पार्क झालं. गांधीजींचं चरित्र मराठीत आणणाऱ्या या बाईंनी पालिकेच्या सभागृहात एका मैदानाच्या नावासाठी आग्रह धरला आणि तो मान्य करवून घेतला. त्याच मैदानावर संयुक्त महाराष्ट्राच्या सभा झाल्या, १९६६ पासून दसरा मेळावे झाले, आणि आचरेकर सरांच्या हाताखाली क्रिकेटपटूंच्या पिढ्या घडल्या.

स्वातंत्र्यानंतर सगळा भर जमिनीच्या आरक्षणांवर आला. शहराच्या विकास आराखड्यात भूखंडावर हिरवा रंग भरायचा आणि त्यावर 'आरजी' किंवा 'पीजी' लिहायचं, म्हणजे रिक्रिएशन ग्राउंड किंवा प्लेग्राउंड. पण रंग भरला म्हणून जमीन पालिकेची होत नाही, ती संपादित करावी लागते. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम १२७ मध्ये जमीनमालकाला न्याय म्हणून एक तरतूद आहे. दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक खरेदी सूचना बजावू शकतो, आणि ठरलेल्या मुदतीत पालिकेने पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. मूळ कायद्यात ही मुदत फक्त सहा महिने होती, ती पुढे वाढवली गेली. मालकाच्या बाजूने पाहिलं तर तरतूद रास्त आहे. पण ती सूचना टपालातून ज्या टेबलावर येते, तिथून वेळेत वर जाते का, सुधार समितीपुढे वेळेत येते का, आणि समिती निर्णय लांबणीवर टाकते का, यावर एका आख्ख्या वॉर्डातल्या मुलांचं मैदान अवलंबून असतं. भूखंड गेल्याचा गाजावाजा होत नाही. मुदत संपते आणि विषय संपतो.

मोठ्या इमारतींच्या आवारातल्या मोकळ्या जागेचंही तसंच. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत भूखंडाच्या आकारानुसार १५ ते २५ टक्के जागा मोकळी सोडण्याचं बंधन होतं. बिल्डरांनी ती पार्किंगच्या छतावर, पोडियमवर दाखवायला सुरुवात केली. डिसेंबर २०१३ मध्ये, कोहिनूर सीटीएनएल प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी. झाडाचं मूळ खाली जाईल आणि मूल थेट मातीत उतरेल अशी जागा, असा मी त्याचा साधा अर्थ घेते. ज्या आरक्षित मोकळ्या भूखंडांवर आधीच झोपड्या आहेत, तिथे पुनर्वसन करून काही भागच मोकळा ठेवण्याच्या नियमावरची लढाई तर २००२ पासून उच्च न्यायालयात होती. जून २०२५ मध्ये न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली, पण ३५ टक्के जागा लोकांसाठी खरोखर खुली राहिली पाहिजे हेही बजावलं. ती राहते का, हे साइटवर जाऊन पाहायचं काम पुन्हा पालिकेचंच.

सगळ्यात जास्त मनस्ताप मात्र दत्तक धोरणाने दिला. पालिकेकडे उद्यानं आणि मैदानं मिळून हजाराच्या वर भूखंड. ते सांभाळायला माणसं आणि पैसा अपुरा, म्हणून खासगी संस्थांना देखभालीसाठी द्यायचे अशी कल्पना. ती मुळात वाईट नव्हती. नेपियन सी रोडचं प्रियदर्शिनी पार्क भरावाच्या जमिनीवर नागरिकांनी उभं केलं आणि जपलं. ओव्हल मैदानासाठी तिथल्या रहिवाशांनी कोर्टाची पायरी चढून ते गर्दुल्ल्यांच्या आणि कचऱ्याच्या तावडीतून सोडवलं. २०१८ मध्ये ते युनेस्कोच्या वारसा स्थळाचा भाग झालं. पण 'केअरटेकर' पद्धतीत संस्थेला जागेच्या काही भागावर बांधकाम करायची मुभा होती. तिथे क्लब उभे राहिले, सभासदत्वाची फी आली, फाटकावर रखवालदार आला आणि वस्तीतल्या पोराला आत जायची लाज वाटू लागली. त्यांतले काही क्लब राजकीय पुढाऱ्यांशी जोडलेल्या संस्थांचे होते, म्हणून ज्यांनी लक्ष ठेवायचं त्यांच्याकडून फार अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता.

२००७ मध्ये नागरिकांचा रेटा वाढला आणि मुख्यमंत्री विलासराव देशमुखांनी धोरणाला स्थगिती दिली. जानेवारी २०१६ मध्ये नवं दत्तक धोरण पालिकेच्या सभागृहात मंजूर झालं. पुन्हा ओरड झाली, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी ते थांबवलं आणि संस्थांकडे असलेले २१६ भूखंड परत घ्यायला सांगितलं. बरेच परत आले, काहींवर वर्षानुवर्षं वाद चालले. सप्टेंबर २०२३ मध्ये तिसऱ्यांदा मसुदा आला, तिसऱ्यांदा लोकांनी हरकती घेतल्या आणि तोही पुढे सरकला नाही. या तिन्ही वेळी आधी धोरण झालं आणि मग लोकांनी धावपळ करून ते अडवलं, हे मला फार खटकतं. प्रभाग समितीच्या पातळीवर, काम ठरण्याआधी, मैदानावर जाऊन बोलण्याची रीत पडली असती तर ही दमछाक टळली असती. १९९७ च्या आसपास सुरू झालेल्या एएलएम (अॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) या रहिवाशांच्या गटांनी काही वॉर्डांत हे करून दाखवलं होतं. जिथे सहायक आयुक्त ऐकणारे मिळाले तिथे ते चाललं, बदली झाली की थांबलं.

मग ७ मार्च २०२२ ला पालिकेची मुदत संपली आणि निवडणूक झालीच नाही. आयुक्त हेच प्रशासक झाले. प्रस्ताव मांडणारे तेच, मंजूर करणारेही तेच. स्थायी समिती, सुधार समिती, उद्यान समिती, सगळ्यांची दालनं रिकामी. याच काळात सुमारे १,७०० कोटींच्या सुशोभीकरणाची घोषणा झाली. २०२४ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर पालिकेकडे घेऊन तिथे मोठं सार्वजनिक उद्यान करण्याचा आणि ९१ एकर टर्फ क्लबकडे ठेवण्याचा निर्णय झाला. एवढा मोठा हिरवा पट्टा लोकांना मिळणं ही आनंदाचीच गोष्ट. पण शहराच्या पिढ्यांवर परिणाम करणाऱ्या या निर्णयावर सभागृहात एकही हरकतीचा मुद्दा मांडला गेला नाही, कारण मांडणारं कोणी नव्हतंच. जवळजवळ चार वर्षांनी, जानेवारी २०२६ मध्ये, निवडणूक झाली.

मधल्या काळात शिवाजी पार्कातल्या लाल मातीचा प्रश्न चिघळतच राहिला. मैदान सुधारायचं म्हणून टाकलेली ही माती हिवाळा-उन्हाळ्यात वाऱ्यावर उडते. पार्काभोवतीच्या घरांत दुपारी खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं तर बोटाला तांबडी भुकटी लागते, वाळत घातलेल्या पांढऱ्या पंचाला तांबूस छटा येते, आणि दम्याच्या माणसांनी खिडकी उघडायचीच नाही. पालिकेने पाणी मारलं, गवत लावलं, पर्जन्यजल साठवायला मैदानात ३६ रिंगवेल, म्हणजे कड्यांच्या विहिरी, खणल्या, शेवटी आयआयटी मुंबईचा सल्ला मागवला. रहिवासी म्हणत राहिले की माती काढा. क्रिकेटवाले म्हणाले, काढा, पण पट्ट्यांना धक्का लावू नका. दोघांचंही म्हणणं खरं आहे, आणि दोघांनाही एकत्र बसवून काय टाकायचं, किती टाकायचं हे विचारण्याची जागा म्हणजे प्रभाग समितीचं ते टेबल, जे त्या काळात रिकामं होतं.