तापमान थांबतं तेव्हा उष्णता कुठे जाते?

एक उभा सिलिंडर घेऊ. आतला व्यास ३६ सेंटिमीटर, वर घट्ट बसणारा पण न अडखळता सरकणारा दट्ट्या, आणि दट्ट्यावर जवळपास एक टन वजन. आत फक्त १०० ग्रॅम पाणी, त्यातलं निम्मं द्रवरूपात आणि निम्मं वाफेच्या रूपात. हवा अजिबात नाही. वरचं वजन आणि बाहेरची हवा मिळून आत २०० किलोपास्कल दाब पडतो, म्हणजे वातावरणाच्या साधारण दुप्पट. या दाबाला पाणी आणि वाफ एकत्र नांदतात ती फक्त १२० अंश सेल्सिअसला. तापमान ठरवायचा अधिकार इथे वजनाकडे आहे, आचेकडे नाही.

निम्मं-निम्मं म्हटलं की डोळ्यांसमोर अर्धा भरलेला सिलिंडर येतो. प्रत्यक्षात तळाशी पाण्याचा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा थर असतो आणि त्याच्यावर ४४ सेंटिमीटर उंचीपर्यंत वाफ. वजनाला दोन्ही ५०-५० ग्रॅमच, पण वाफेला जागा लागते आठशेपटीहून जास्त.

आता खालून एक किलोवॉटचा हीटर लावू आणि उष्णता बाहेर निसटत नाही असं धरू. तापमापकाचा काटा १२० वरून हलत नाही. नजर ठेवायची ती दट्ट्यावर. तो सेकंदाला सुमारे चार मिलिमीटर या वेगाने वर सरकू लागतो. ११० सेकंदांनी शेवटचा थेंब संपतो, तेव्हा दट्ट्या जवळपास ८७ सेंटिमीटरवर पोहोचलेला असतो. दिलेली उष्णता ११० किलोज्यूल, तापमानातली वाढ शून्य.

एवढं वजन ४३ सेंटिमीटर उचललं, म्हणजे उष्णता त्यातच खर्ची पडली असणार, असं वाटणं साहजिक आहे. पण हिशेब मांडून बघा. वजन उचलायला लागतात ४.४ किलोज्यूल. बाहेरच्या हवेला वर ढकलायला साधारण तेवढेच. दोन्ही मिळून नऊसुद्धा भरत नाहीत! उरलेले १०१ किलोज्यूल वाफेच्या पोटातच राहतात. पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात आणि ती पकड सोडवायलाच ही उष्णता लागते. रेणूंच्या हालचालीची सरासरी ऊर्जा त्यात वाढत नाही. तापमान हे त्या हालचालीचंच माप, म्हणून काटा जागचा हलत नाही. शाळेत ‘अप्रकट उष्मा’ म्हणून एका ओळीत उरकला जातो तो हाच, आणि त्याचं खरं आकारमान त्या एका ओळीत कधीच कळत नाही.

शेवटचा थेंब गेल्यावर हीटर तसाच चालू ठेवला, तर १२० वरून २०० अंशांवर जायला अवघे १६ सेकंद पुरतात.

तीच सुरुवात पुन्हा करू, पण या खेपेला दट्ट्या जागीच पक्का करून टाकू. वाफेला पसरायला जागा नाही, म्हणून दाब वाढतो. दाब वाढला की उत्कलनबिंदूही चढतो. आता काटा हलतो. सगळं पाणी संपेपर्यंत दाब सुमारे ४२० किलोपास्कल आणि तापमान १४५ अंशांच्या आसपास गेलेलं असतं. उष्णता मात्र थोडी कमीच लागते, १०४ किलोज्यूल, कारण उचलायचं काहीच नव्हतं. प्रेशर कुकरच्या शिटीत शीत अडकलं तर वाफेला वाट उरत नाही आणि दाब असाच चढत जातो, म्हणून ते अडकू द्यायचं नसतं.

हा अप्रकट उष्मा जेम्स वॅटच्या वाटेत आडवा आला होता. १७६३-६४ च्या हिवाळ्यात ग्लासगो विद्यापीठातलं न्यूकोमेन इंजिनाचं, म्हणजे त्या काळच्या वाफेच्या इंजिनाचं, छोटं मॉडेल त्याच्याकडे दुरुस्तीला आलं. ते वाफ भरमसाट खायचं. वाफ गार पाण्यात सोडून वॅटने मोजमाप केलं, तर ती स्वतःच्या वजनाच्या सुमारे सहापट पाण्याला उकळीपर्यंत नेत होती. तो चक्रावला. त्याच विद्यापीठात शिकवणाऱ्या जोसेफ ब्लॅक यांनी हा उष्मा आधीच ओळखला होता. त्यांनी उलगडा करून दिला. न्यूकोमेनच्या इंजिनात सिलिंडरमध्येच गार पाणी मारून वाफ जिरवत. त्यात सिलिंडरही गार व्हायचा आणि पुढच्या फेरीची बरीचशी वाफ त्याला पुन्हा तापवण्यातच जायची. १७६५ मध्ये वॅटला वाफ वेगळ्या भांड्यात जिरवायची युक्ती सुचली. पेटंट मिळालं १७६९ मध्ये.

दट्ट्यावरचं वजन वाढवत नेलं तर हा उष्मा आटत जातो. २०० किलोपास्कलला किलोमागे २,२०२ किलोज्यूल लागतात, १० मेगापास्कलला सुमारे १,३१७. आणि २२.०६ मेगापास्कलला, ३७४ अंशांवर, शून्य! तिथे पाणी आणि वाफ यांची घनता एकच होते, दोहोंमधला पृष्ठभाग नाहीसा होतो. नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक वीज केंद्रातले ६६० मेगावॉटचे संच या दाबाच्याही वर चालतात. वाफ आणि पाणी वेगळं करणारा ड्रम अशा बॉयलरला लागत नाही. पूर्ण भारावर चालताना नळ्यांमधून जाणारं पाणी तापत तापत वाफेसारखं विरळ होतं आणि वाटेत त्याचं तापमान कुठेही अडून बसत नाही.