हॉस्टेलच्या पत्त्यावर मतदार नोंदणी: पात्रता, फॉर्म आणि कागदपत्रं

शिकायला बाहेरगावी राहणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव फक्त आईवडिलांच्या घरच्या यादीतच असू शकतं, हा समज खोटा आहे. निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार हॉस्टेलमध्ये किंवा अन्यत्र राहून शिकणाऱ्याला दोन्ही पर्याय खुले आहेत: घरचा पत्ता किंवा शिकतो तिथला पत्ता. अट एवढीच की अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा हवा. तीन महिन्यांच्या क्लाससाठी आलेल्यांना ही सोय नाही.

निवड मात्र विचार करून करा. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्या याद्याही विधानसभेच्या यादीवरूनच तयार होतात. नाव शहरात आणलंत की गावच्या सरपंचासाठी मत देता येणार नाही. विद्यार्थ्यांना टपाली मतदानाची सोय नाही, त्यामुळे परीक्षेच्या दिवसांत गावी जाणं जमणार नसेल, तर हॉस्टेलचा पत्ता बरा, असं माझं मत.

वय 18 पूर्ण हवं. ते 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर या चार तारखांना मोजलं जातं. सतरा पूर्ण झालेल्यांनाही आगाऊ अर्ज करता येतो.

आता फॉर्म. इथेच सर्वाधिक घोळ होतो. नाव आजवर कुठल्याच यादीत नसेल तर फॉर्म 6. गावच्या यादीत आधीच असेल तर फॉर्म 8, म्हणजे स्थलांतराचा. दुसऱ्या स्थितीत फॉर्म 6 भरू नका, कारण त्यात ‘माझं नाव अन्य कुठल्या मतदारसंघात नाही’ असं लिहून द्यावं लागतं आणि खोट्या निवेदनाला लोकप्रतिनिधित्व कायदा, 1950 च्या कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

अर्ज voters.eci.gov.in ऐवजी मोबाइलवर ईसीआयनेट (पूर्वीचं व्होटर हेल्पलाइन) अ‍ॅपमधूनही करता येतो, नाहीतर कागदी फॉर्म बीएलओकडे, म्हणजे तुमच्या मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, द्या. सोबत फोटो आणि वयाचा पुरावा: जन्मदाखला, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र, पॅन, पासपोर्ट यांपैकी एक. पत्त्याचं काय? हॉस्टेलच्या खोलीचं वीजबिल कुणाच्याच नावावर नसतं. म्हणून प्राचार्य, कुलसचिव किंवा अधिष्ठाता यांच्या सहीचं, ठरलेल्या नमुन्यातलं विद्यार्थी असल्याचं प्रमाणपत्र जोडायचं. नेहमीच्या बोनाफाईडवर बऱ्याचदा हॉस्टेलचा पत्ताच नसतो, तो घालून घ्या. आधारवर गावचा पत्ता असला म्हणून अडत नाही.

पुढे बीएलओ पडताळणीला येतो. सुट्टीत अर्ज टाकून घरी निघून गेलात तर खोलीला कुलूप दिसेल, म्हणून सत्र सुरू असताना अर्ज करा आणि रेक्टरना कल्पना देऊन ठेवा. निवडणूक जाहीर व्हायची वाटही पाहू नका. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी गोठते.

संदर्भ क्रमांक जपून ठेवा, स्थिती त्यावरच कळते. अडचण आल्यास 1950 वर फोन करा. अर्ज नाकारला गेल्यास कारण लेखी मागा. त्या आदेशाविरुद्ध जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे 15 दिवसांत अपील करता येतं आणि तिथेही नाही जमलं तर 30 दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे.